चारशे सतरा नंबरचा सेट

ऐक ना. नुसतं ऐक, मधे बोलू नकोस, तू मधे बोललीस की मी मुद्द्याचं सोडून भलतंच सांगत बसते. हा तुझा शब्दकोश, परत आणलाय. परवा नेताना तू म्हणालीस ना, 'उशाला घेणारेस का दाराला लावणारेस', तेव्हा मी नुसती हसले, कारण जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतंच. मला त्यात एकच शब्द बघायचा होता. सेट. हस, हसून घे एकदाचं. मलाही माहितेय की सेट कोणाला माहीत नसतो, सकाळी उठल्यापासून आपण तोच चघळत असतो. गजर सेट, केस सेट, अमकीचं तमक्याशी सेट, कपबश्यांचा सेट, प्रश्नपत्रिकेचा सेट ए आणि सेट बी, आणि तू तर नोकरीचं पत्र आलं तेव्हा माझ्या गळ्यात पडून ओरडली होतीस, 'आपलं सेट झालं गं!' पण मी मोजलं, तुझ्या ह्या पुस्तकात त्या एवढ्याशा शब्दाला साडेचार पानं आहेत, बारीक टायपात, नंबर घालून. ठेवणे, बसवणे, जुळवणे, घट्ट होणे, मोडलेलं हाड सांधणे, सूर्य मावळणे, सापळा लावणे, नाटकाचा देखावा, टेनिसमधला डाव. मी परवा संध्याकाळपासून त्या साडेचार पानांत एकच अर्थ शोधत होते, पप्पांचा. म्हणजे पप्पा जेव्हा तो शब्द म्हणाले तेव्हा त्यांच्या डोक्यात कितवा नंबर होता, ते.

थांब, पहिल्यापासून सांगते. तुला माझं काम माहितेय, तू माझ्या पाहुण्यांना सांगतेस 'ही दात पाडते', पण मी पाडत नाही बाई, मी बसवते. दवाखान्यात डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात, तो आमच्या लॅबला येतो, त्यात मी प्लास्टर ओतते, म्हणजे त्या माणसाचा जबडा प्लास्टरमध्ये तयार होतो, आणि मग त्यावर मेणाची गुलाबी हिरडी करून तीत एकेक दात बसवते. आमच्याकडे वरची आणि खालची कवळी मिळून एक सेट. प्लास्टर वाळलं की सेट झालं, दात बसवले की सेट केले, आणि पार्सल गेलं की सेट गेला. लॅबला आम्ही तिघंच, त्यात मास्तर म्हणजे आमचे हेड, अठ्ठावीस वर्षं हेच करतायत, ते म्हणतात, 'ह्या खोलीत तीनच गोष्टी घडतात, पोरींनो. सेट होतोय, सेट झाला, सेट परत आला. चौथं काही घडलं तर मला उठवा.' आणि दुपारी जेवल्यावर खरंच खुर्चीत झोपतात, तोंड उघडं टाकून, स्वतःची कवळी वाटीत काढून ठेवून. पेशंटची नावं आमच्याकडे येतच नाहीत. चिठ्ठीवर नंबर, वय, बाई की पुरुष, दाताचा रंग आणि डॉक्टरचं गिचमिड, बस. मला ते आवडतं. माणसाचं तोंड सोडून बाकी काहीच माहीत नाही, ही किती निवांत ओळख असते, तू विचार कर.

तर गेल्या शुक्रवारी चारशे सतरा नंबर आला. पुरुष, एकोणसाठ, वर-खाली पूर्ण कवळी, 'दात सरळ, नॅचरल'. पाण्याच्या टाकीजवळच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, आपल्या इथून बसचे दोन स्टॉप. मी प्लास्टर ओतलं, पाऊण तासाने ठसा सोडवला, साचा हातात घेतला आणि टाळूच्या मधोमध एक उंचवटा. चिंचोक्याएवढा, एका कडेला जरा निमुळता. असतो काही लोकांना, हाडच असतं ते, आजारबिजार नाही. मला आहे. तुला दाखवला होता शाळेत, आठवतं? तू बोट घालून बघितलंस आणि 'ई' म्हणालीस. तर साचा बघितल्याबरोबर माझी जीभ आपोआप वर गेली, माझ्या चिंचोक्यावर, आणि मी मनाशी म्हटलं, अरे, हा आपल्यातला दिसतोय. एवढंच. शपथ सांगते, त्या वेळी एवढंच. कवळी त्या हाडावर टेकली की माणसाला बोचते, म्हणून तिथे पातळ पत्र्याचा एक पदर लावतात, तेवढी जागा मोकळी राहावी म्हणून. मी दोन लावले. का दोन लावले, विचारू नकोस.

शनिवारी मी दात बसवायला घेतले. हे काम मला सगळ्यात आवडतं, स्पिरिटचा छोटा दिवा, मेण नुसतं कडेला पाघळायला लागतं आणि दात त्यात अलगद रुततो, मग सुरीच्या टोकाने केसभर इकडे, केसभर तिकडे. मास्तरांची शिकवण अशी की पुढचे दात कधी सरळसोट लावू नयेत, 'एक तरी दात जरा नाठाळ पाहिजे, नाहीतर माणूस हसला की बाजाची पेटी उघडल्यासारखं वाटतं.' त्यामुळे एखादा दात मी नेहमीच तिरका करते, पण जरासाच, कोणाच्या लक्षात येणार नाही इतका. त्या दिवशी रेडिओ चालू होता, बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता, आणि माझे हात आपले चालले होते. मधेच मास्तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, 'तू हा जबडा सारखा वर उचलून खालून काय बघतेयस? पेशंटला खालून कोण बघणार आहे? तो काय माळ्यावर राहतो?' मी दचकले. खरंच, वरखालचे साचे ज्यात अडकवतात ते बिजागरीचं यंत्र मी डोळ्यांच्या वर धरलं होतं, मान मागे टाकून. मग मी बघितलं की मी काय केलंय. पुढच्या दोन दातांतला डावा उजव्यावर चढला होता, चांगलाच, बाकावर जागा नसली की एखादा शेजाऱ्याच्या मांडीवर अर्धा बसतो ना, तसा. आणि त्याच्या पलीकडचा एक दात रुसून आत गेलेला. हे दात मी पूर्वी कधीच लावले नव्हते. पण हे दात मी खालून इतक्या वेळा बघितले होते, इतक्या वेळा, की तुला काय सांगू.

तुझी माझी ओळख पाचवीतली, त्यामुळे तू पप्पांना बघितलेलंच नाहीस. ते टीव्ही दुरुस्त करायचे, घरीच, बाहेरच्या खोलीत. तेव्हाचे ते मोठाले डब्बे, लोक म्हणायचे 'आमचा सेट बिघडलाय', पप्पा म्हणायचे 'आणून ठेवा सेट'. मला वाटायचं सेट म्हणजे फक्त तेच, पाठ उघडून ठेवलेला डब्बा, आत तारा आणि धूळ आणि जळका वास. मी त्यांच्या टेबलाखाली बसायचे, खाली पडलेले स्क्रू गोळा करायचे, आणि ते वर तोंड करून, ओठात टॉर्च धरून काम करायचे, टॉर्च काढली की बोलायचे. म्हणजे मला त्यांचा चेहरा आठवतो तो असा, खालून, हनुवटी आणि नाकपुड्या आणि मधे ते एकावर एक चढलेले दात. आणि आमचा एक खेळ होता. त्यांच्याही टाळूला चिंचोका होता. जीभ त्याच्यावर चिकटवून सोडली की 'टॉक' असा आवाज येतो, तुम्हा सपाट टाळूवाल्यांना नाही येत तसा, ओला आणि पोकळ, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. ते जिन्यात आले की 'टॉक' करायचे, मी आतून 'टॉक' करायचे, आणि मग दार उघडायचं. आई वैतागायची, 'घरात दोन पाली पाळल्यात मी.' त्यावरून ते मला पाल म्हणायचे. एवढ्या गोड मुलीला पाल! पण मला छान वाटायचं, कारण पाल आम्ही दोघंच होतो. मग ते पातळ टीव्ही आले, भिंतीवर टांगायचे, बिघडले की फेकून द्यायचे, आणि सेट यायचे बंद झाले. मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी, लांब कुठेतरी कामाला जायला, दोन बॅगा भरून ते उंबऱ्यात उभे राहिले आणि आईला म्हणाले, 'तिकडे सेट झालो की बोलावतो तुम्हाला.' माझ्याकडे बघून टॉक केलं आणि गेले. मी कित्येक दिवस डोळ्यासमोर असं चित्र बघायचे की पप्पा एका डब्ब्यात मांडी घालून बसलेत, पाठ उघडी आहे, आणि कोणीतरी त्यांना जोडतंय. सोळा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग फोन, मग फोनही नाही. आईने लोकांचे अर्धवट उघडलेले सेट एकेक करून परत केले, शिव्या खाल्ल्या, आणि चष्म्याच्या दुकानात कामाला लागली.

हे सगळं मला शनिवारी त्या मेणाच्या दातांकडे बघताना आठवलं असं नाही हं, आठवायच्या आधीच ते माझ्या हातांतून बाहेर आलं होतं, हेच तर मला पचत नव्हतं. माझ्या हातांना माझ्या आधी कळलं. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, दात सरळ. मेण तापवून दोन मिनिटांत सरळ करता आले असते. मी दिवा पेटवला, विझवला. मास्तरांनी भिंगातून बघितलं, म्हणाले, 'नाठाळ म्हटलं होतं मी, हा तर गुंडच बसवलायस. जाऊ दे, ट्रायल आहे, बाईच सांगतील.' ट्रायल म्हणजे पक्की कवळी करण्याआधी मेणातली एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात. पार्सल गेलं. रविवारी मी घरी पडून होते आणि स्वतःला समजावत होते, अगं जगात चिंचोकेवाले किती असतील, एकोणसाठ वयाचे किती असतील. आणि ते 'तिकडे' गेलेत, दोन बसस्टॉप म्हणजे काही तिकडे नाही ना! हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं की त्यातला राग निघूनच गेला, नुसतं अंतर उरलं. दोन स्टॉप. चालत गेलं तर वीस मिनिटं.

सोमवारी साडेअकराला फोन वाजला. मास्तरांचे हात प्लास्टरचे होते म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर दाबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'मास्तर, चारशे सतरा कोणी सेट केलाय?' मास्तर म्हणाले, 'का हो, परत पाठवताय का?' बाई म्हणाल्या, 'परत कसला! मी आरसा दिला ना, तर हे काका आरसा सोडतच नाहीयेत. म्हणतात, हे माझेच दात आहेत. पाच वर्षांपूर्वी काढलेत त्यांनी, फोटोबिटो काही नव्हता माझ्याकडे. तुम्हाला कसं कळलं?' मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून दुसऱ्याच कोणाचा तरी साचा घासत होते, घासून घासून त्याची हिरडी सपाट करून टाकली बिचाऱ्याची. बाई म्हणाल्या, 'ते म्हणतायत, ज्यांनी केलं त्यांना विचारा, मला भेटता येईल का.' आणि मागून, अगं मागून, खुर्चीवर बसलेला माणूस नवी कवळी चाचपतो तशी जीभ फिरवत असेल, सगळेच करतात, त्यात काही नाही, पण मागून आवाज आला. टॉक. मेणाची पट्टी मधे होती त्यामुळे ठसठशीत नाही, गोधडीतून यावा तसा. पण तो तोच होता. आणि माझी जीभ, मी काही ठरवलं नव्हतं, माझी जीभ वर गेली आणि सुटली. टॉक. इतक्या मोठ्यांदा की मास्तर म्हणाले, 'काय मोडलं?' मी म्हटलं, 'काही नाही.' स्पीकरमधून तिकडे किती ऐकू जातं गं? तुला माहितेय? मग मास्तर गडगडाटी हसले आणि म्हणाले, 'बाई, इथे सहा हात आहेत, कुठल्या हाताने काय केलं हे मी बायकोलाही सांगत नाही. राहू देत ना वाकडे?' बाई म्हणाल्या, 'हो, ते म्हणतायत हेच राहू देत. गुरुवारी पाठवा.' मग जेवताना मास्तरांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली, जे त्यांनी कधी केलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडून शब्दकोश नेला. आणि काल रात्रीची जेवणं झाल्यावर, आई ओट्यापाशी भांडी विसळत होती, मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, 'पप्पांचे दात कसे होते गं?' आईने वळूनही बघितलं नाही. 'वाकडे. एकावर एक. का, तुझ्या लॅबला नमुना पाहिजे का?' मी म्हटलं, 'नाही, असंच. समजा ते आले परत, तर?' आता तिने नळ बंद केला. तुला आईचे हात माहितेत ना, दिवसभर लोकांच्या कानांमागे फ्रेम सेट करत असते, काडी तापवायची, वाकवायची, 'टोचतंय का, आता टोचतंय का' विचारायचं. तेच हात पुसत ती म्हणाली, 'सेट झालो की बोलावतो म्हणाला होता. झाला असेल एव्हाना. त्याला म्हणावं बोलावू नकोस आता. मी इथे सेट झालेय.' आणि मग माझा चष्मा माझ्या नाकावरून काढला, दिव्यासमोर धरला, एक काडी बोटाने जराशी दाबली आणि परत घातला. म्हणाली, 'डावीकडे कलत होता. कधीची बघतेय.' मला रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही. चष्मा खरंच नीट बसला होता.

मग तुझ्या पुस्तकाची ती साडेचार पानं मी पुन्हा वाचली. पप्पांचा अर्थ काही सापडला नाही. म्हणजे सापडले बरेच, बस्तान बसणे, स्थिर होणे, मावळणेही त्यातच आहे, पण कुठल्याच नंबरपुढे असं लिहिलेलं नाही की त्याला किती वेळ लागतो. प्लास्टरच्या पिशवीवर लिहिलेलं असतं. एवढं पाणी, एवढी मिनिटं. मला वाटलं, ते गेलेच नसतील तिकडे. किंवा गेले असतील, जमलं नसेल, आणि परत आल्यावर दोन स्टॉप अलीकडेच थांबले असतील, कारण सेट झाल्याशिवाय बोलावणार नाही असा शब्द दिला होता. लाज वाटली असेल. किंवा लाजबीज काही नाही, दुसरं घर केलं असेल, दुसरी कोणी टेबलाखाली स्क्रू गोळा करत असेल. हेही मी अगदी शांतपणे, एकेक नंबर वाचावा तसं वाचलं.

आता खरी गोष्ट ऐक, ज्यासाठी आलेय. आमच्याकडे एक पद्धत आहे. कवळी पक्की करताना तिच्या टाळूकडच्या बाजूला, अगदी मागे, कागदाची एक बारीक पट्टी पुरतात, नखाएवढी, आणि वर पारदर्शक थर देतात. त्यावर नंबर असतो. वृद्धाश्रमात वगैरे वाट्या बदलतात, कोणाची कवळी कोणाच्या तोंडात जाते, म्हणून. तोंडात असताना ती दिसत नाही, काढून धुताना, चष्मा लावून, उजेडात धरून बघितलं तर दिसते. आज दुपारी चारला चारशे सतराची पट्टी लिहायची होती. मास्तर खुर्चीत झोपले होते, किंवा झोपल्यासारखं करत होते, त्यांची कवळी वाटीतून माझ्याकडे बघून हसत होती. मी टोकदार पेनाने लिहिलं, ४१७. मला त्यांना शिव्या लिहिता आल्या असत्या, जागा होती दोन शब्दांची. आपला पत्ता लिहिता आला असता. पण पत्ता आईचाही आहे, आणि ती सेट झालीये. शेवटी मी नंबरच्या खाली लिहिलं, 'पाल'. बस. बोलावलं नाही, जाब विचारला नाही. मी आहे, आणि ह्या कामात माझा हात बसलाय, एवढंच कळवलं. मग पट्टी ठेवली, थर दिला, कवळी ज्यात पक्की होते तो पितळी डबा आवळला आणि गरम पाण्यात सोडला. तो रात्रभर तिथे असतो, सकाळी नऊला मी उघडायचा, घासायचा, चमकवायचा आणि अकराला पार्सल. घासायचं मशीन पट्टीवर दोनदा फिरवलं तर पट्टी उडते. नंबर पुन्हा दुसऱ्या पट्टीवर घालता येतो, नुसता नंबर. कोणाला कळणार नाही. ते रोज रात्री दात काढतील, धुतील, वाटीत ठेवतील, आणि त्यांना कधीच कळणार नाही.

आणि समजा पट्टी राहिली, त्यांनी वाचली, आणि ते लॅबच्या जिन्यात येऊन उभे राहिले. आता टाळूवर कवळी असणार, म्हणजे आधी ती काढावी लागेल, खिशात ठेवावी लागेल, तेव्हा कुठे पूर्वीसारखं टॉक होईल. बोळक्या तोंडाने. आणि मी आत असेन, हात प्लास्टरचे. आणि घरी आई. मला सकाळी नऊपर्यंत वेळ आहे, अगं, आणि मशीन माझ्याच टेबलावर आहे. आता बोल, आता मधे बोललीस तरी चालेल. तू काय केलं असतंस?